पकडलेला टायगर रणगाडा ओढताना पट्टे कोणते?

घोडबंदरकर: ठाण्यातल्या प्रदर्शनासाठी १/३५ प्रमाणातल्या मॉडेलचा देखावा करतोय. ट्युनिशिया, १९४३, ब्रिटिशांच्या हाती लागलेला जर्मन रणगाडा टायगर १, ओढून नेताना. अरुंद पट्टे (चाकांभोवती फिरणाऱ्या लोखंडी साखळ्या) लावू का?

ऐरोलीचा फिटर: नको. ५२० मिमीचे पट्टे फक्त रेल्वेसाठी. तेव्हा बाहेरची चाकंही काढत, म्हणजे रणगाड्याची रुंदी ३.१५ मीटरवर येई. रणांगणात ७२५ मिमीचेच. अरुंद जोडी रेल्वेच्या मालडब्याबरोबर राहायची, ती ब्रिटिशांना कुठून मिळणार?

कळवा_७२: वजन ५७ टन. जर्मनांनाही ओढायला १८ टनी फामो (ओढगाड्या) तीन-तीन जोडाव्या लागत. ड्राइव्ह स्प्रॉकेट, म्हणजे पट्टा फिरवणारं दातेरी चाक, पुढे. गिअरबॉक्स जाम असेल तर पट्टे फिरत नाहीत, नुसते घासतात. आधी स्फोटकांचे सापळे तपासतात, दारूगोळा उतरवतात. एक जाडजूड केबल पुरे, असं दाखवू नकोस!

घोडबंदरकर: मग रुंदच लावतो.