उंच डोंगरात काम केलंय का कोणी?

सर्व्हेच्या कामाला दोन वर्षं उंच पठारांवर होतो, आता ऑफिसात बसलो की तीच वाट डोळ्यासमोर येते. तुम्हाला काय आठवतं?

> कुकर! ४००० मीटरवर पाणी साधारण ८७ अंशालाच उकळतं, त्यात आमच्या कुकरची रिंग गेली आणि चार दिवस सगळं अर्धंकच्चं खाल्लं, तरी तिथली भूक काही वेगळीच राव.

> रात्रीचं आकाश. थंडीत बॅटरी पटकन उतरायची म्हणून मी ती कुशीत घेऊन झोपायचो, बायको अजून चिडवते 😄

> @बॅटरीवाले, सेम! आणि पहाटेची रीडिंग्ज आठवतात का, ऊन चढलं की तापलेल्या हवेने दुर्बिणीत समोरची मोजपट्टी नुसती थरथरायची, मग काय, दगडाला टेकून ढगांच्या सावल्या बघत बसायचं, पगारी.