अथेन्सजवळचं किफिसिया: डोंगरापाशी घर घ्यावं का?

दापोलीची_मनू

नमस्कार मंडळी. नवऱ्याला एका ग्रीक जहाज कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागली आहे. मी आपली खुशीत, की पिरेअस बंदर, खिडकीतून बोटी वगैरे. नकाशा उघडला तर ऑफिस किफिसियात! बंदर कुठल्या कुठे, आणि गाव दोन डोंगरांच्या मधोमध. घरं दाखवणारा एजंट फोनवर दर दोन वाक्यांनी "डोंगराची हवा" म्हणतो आणि भाडं वाढवतो. मेनिदी नावाच्या भागात तेवढंच घर बरंच स्वस्तात मिळतंय, तेही डोंगराच्या पायथ्याशीच. मग फरक कशाचा? आणि दर उन्हाळ्यात तिथल्या वणव्याच्या बातम्या दिसतात, त्याचं काय? मुलगा सातवीत आहे. तिथे राहिलेलं कुणी आहे का?

निवृत्त_चीफ

मनूताई, मी आहे. बावीस वर्षं इंजिनरूममध्ये काढली, मग किनाऱ्यावरची नोकरी घेतली आणि नऊ वर्षं किफिसियातच राहिलो. समुद्राचं माझंही तुमच्यासारखंच झालं होतं. जहाजं बंदरात आणि मालक डोंगरात, ही तिकडची रीत समजा.

आधी नकाशा डोक्यात बसवा. अथेन्स परातीत बसलंय. पूर्वेला इमित्तोस, ईशान्येला पेंदेली (पार्थेनॉन मंदिराचा संगमरवर याच डोंगरातला), वायव्येला सगळ्यांत उंच पार्निथा, 1,413 मीटर. दक्षिणेला समुद्र. पार्निथा आणि पेंदेली यांच्यामध्ये परातीच्या काठाला जी फट आहे, तिच्या तोंडाशी किफिसिया. उन्हाळ्यात उत्तरेचा वारा, ज्याला ते 'मेल्तेमी' म्हणतात, या फटीतून आत शिरतो. जुलैत अथेन्सच्या मध्यावरच्या ओमोनिया चौकात गाडीत बसायचं तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला असायचा, आणि शेवटच्या, किफिसियाच्या स्टेशनात उतरलं की तो सुटायचा. एजंट भाडं वाढवतो हे खरं, पण हवेबद्दल खोटं बोलत नाही.

दुसरी गोष्ट पाणी. अटिका, म्हणजे अथेन्सभोवतालचा प्रदेश, हा कोरडा मुलूख, पण किफिसियाच्या वरच्या अंगाला झरे होते. तिथल्या चौकाचं नावच केफलारी, म्हणजे झऱ्याचं मुख. म्हणून चिनार उंच वाढले, बागा झाल्या. दुसऱ्या शतकात हेरोडेस अट्टिकस नावाच्या गडगंज माणसाने इथे उन्हाळी वाडा बांधला होता. अथेन्सच्या किल्ल्याखालचं दगडी नाट्यगृह बांधलं तोच हा. प्लातानोस चौकाजवळ रोमन काळातल्या संगमरवरी शवपेट्या आहेत, आडोशाखाली, अगदी रस्त्याच्या कडेला. मी भाजीची पिशवी घेऊन त्यांच्या शेजारून कित्येकदा गेलो असेन, बाजूला काय आहे हे चौथ्या वर्षी कळलं!

मात्र वाडा वेगळा आणि उपनगर वेगळं. 1870 मध्ये मॅरेथॉनहून परतणाऱ्या परदेशी पाहुण्यांना दरोडेखोरांनी पळवलं आणि त्यातल्या चौघांना मारलं, इतका हा डोंगराकडचा भाग तेव्हा बेभरवशाचा. दरोडेखोरी मोडल्यावर आणि 1885 मध्ये मीटरगेज आगगाडी आल्यावर श्रीमंत अथेन्सकरांनी बंगले बांधायला घेतले. गाडीला लोक 'थिरियो' म्हणायचे, म्हणजे श्वापद. धूर आणि आवाज दोन्ही तसलेच असणार. ती 1938 मध्ये बंद पडली. 1957 मध्ये पिरेअसची विजेची गाडी थेट किफिसियापर्यंत आली आणि उन्हाळ्यापुरतं यायचं गाव बारमाही झालं. आज पिरेअस ते किफिसिया ही पहिली मेट्रो लाइन आहे, 24 स्टेशनं. तुमचा समुद्र दुसऱ्या टोकाला आहे, हरवलेला नाही.

मग इमारती. आपल्याकडे जुना वाडा बिल्डरला देऊन बदल्यात दोन फ्लॅट घेतात ना, तेच तिकडे 'अंदिपारोही'. सगळं अथेन्स असंच उभं राहिलंय. किफिसियातही बरेच बंगले त्यात गेले, पण इमारती फार चढल्या नाहीत आणि झाडं राहिली. आमच्या घरमालकीणबाई खिडकीतून बोट दाखवायच्या: तिथे अमक्यांची बाग होती, तिथे तमक्यांची. आता तिथे पार्किंग.

पार्निथाच्या_पायथ्याशी

चीफ, तुम्ही फार साहेबी वर्णन केलंत. मी मेनिदीत राहिलो, शिकत होतो आणि खिशात तेवढेच होते.

मेनिदी म्हणजे प्राचीन आखार्नेस, कोळसा पाडणाऱ्यांचं गाव. इसवी सनपूर्व 431 मध्ये स्पार्टाचं सैन्य इथे तळ ठोकून शेतं जाळत होतं आणि अथेन्सकर तटाच्या आतून बघत होते. 1922 नंतर आशिया मायनरमधून, म्हणजे आताच्या तुर्कस्तानातून, ग्रीक निर्वासित आले, 2004 ला ऑलिंपिक ग्राम इथेच बांधलं आणि नंतर ती घरं कामगार कुटुंबांना दिली. 7 सप्टेंबर 1999 चा भूकंपही पार्निथाच्याच पायथ्याचा, 143 माणसं गेली. मनूताई, घर कुठेही घ्या, पण इमारत कुठल्या साली बांधली ते विचारा. त्या भूकंपाआधीची असेल तर तेव्हा काय तडे गेले आणि कशी दुरुस्ती झाली, तेही.

निवृत्त_चीफ

साहेबी म्हणा, पण निर्वासित आमच्याही उशाला होते. किफिसियाच्या उत्तरेला लागून नेआ एरिथ्रेआ, त्याच लोकांनी वसवलेलं. 2011 पासून आमच्याच नगरपालिकेत. आणखी वर द्रोसिया, नावाचा अर्थच गारवा. तिथे होडीच्या आकाराचा चीजभरला पाव मिळतो, पेइनिर्ली. शब्द तुर्की 'पेयनीर'वरून, आणि तो आपल्या पनीरचा सख्खा भाऊ. रविवारी आम्ही तेच खायला जायचो.

वणव्याबद्दल सांगायचं राहिलं. ज्या फटीतून गार वारा येतो, त्याच फटीतून धूरही येतो. ऑगस्ट 2021 मध्ये वारिबोबी आणि ताटोईचं जंगल पेटलं, आमच्यापासून काही किलोमीटरवर. दुपारी मोबाइल किंचाळला, 112 चा, म्हणजे सरकारी आपत्कालीन सेवेचा इशारा. बाल्कनीतल्या कपड्यांवर राख. पासपोर्ट आणि बायकोची मंगळसूत्राची डबी पिशवीत घालून दाराशी ठेवली, चार दिवस तशीच होती. ऑगस्ट 2024 मध्ये तर आग पेंदेलीवरून उतरून व्रिलिसिया उपनगरातल्या घरांना भिडली. तेव्हा पाइनच्या झाडांना खेटून असलेलं, डोंगराच्या अगदी कडेचं घर नको. स्टेशनापासून चालत दहा-पंधरा मिनिटांत बघा.

हिवाळ्याचंही ऐका. फेब्रुवारी 2021 च्या बर्फात फांद्या विजेच्या तारांवर कोसळल्या, आमच्याकडे दोन रात्री वीज नव्हती. हीटर तेलाचा असला तरी त्याच्या पंपाला वीज लागते, हे चीफ इंजिनिअरला त्या रात्री आठवलं.

दापोलीची_मनू

हसले हो! स्टेशनजवळ 1980 चं एक आहे, दुसरा मजला. दुरुस्तीचं विचारते. तुळस नेली तर जगेल का?

निवृत्त_चीफ

उन्हाळ्यात मस्त. त्यांच्याही बाल्कनीत 'वासिलिको'च्या कुंड्या असतात, तुळशीचीच भावकी. नोव्हेंबर लागला की आत घ्या. माझ्या दोन गेल्या.