ओसेज हत्याकांड: दोष विल्यम हेलचा की कायद्याचा?

धागाकर्ता:
अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील ओसेज काउंटीत 1920 च्या दशकाच्या पूर्वार्धात ओसेज या आदिवासी जमातीच्या किमान 24 माणसांचा खून किंवा संशयास्पद मृत्यू झाला. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा म्हणजे गुरांचा धनाढ्य व्यापारी विल्यम हेल याची हाव. ओसेजांच्या जमिनीतील तेलाच्या उत्पन्नात जमातीतील माणसांचा हिस्सा असे; तो विकता येत नसे, वारसानेच मिळे. म्हणून आपल्या ज्या भाच्याचे लग्न मॉली या ओसेज स्त्रीशी झाले होते, त्याच्या हाती तिच्या माहेरचे सगळे हिस्से यावेत असा डाव हेलने रचला. मॉलीच्या एका बहिणीला 1921 मध्ये गोळी घातली गेली, तर दुसरीचे घर मार्च 1923 मध्ये स्फोटाने उडवण्यात आले. केंद्रीय तपासनीस आले नसते, तर हेल उजळ माथ्याने फिरला असता.

पहिला प्रतिसाद:
असहमत. एकट्या हेलवर सगळे ढकलले की बाकीचा गाव सुटतो. एकट्या 1923 सालात ओसेज जमातीला 3 कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळाले, पण स्वतःचा पैसा खर्च करायलाही अनेकांना न्यायालयाने नेमलेल्या गोऱ्या पालकाची परवानगी लागे, आणि हे पालक म्हणजे गावातलेच वकील, सावकार आणि दुकानदार. आश्रित मेल्यास कोणाचा फायदा होईल, हे ठाऊक असलेली माणसेच त्याचे हिशेब राखत होती. शिवाय ज्या केंद्रीय तपासाचे आपण कौतुक करता, त्याचा सुमारे 20,000 डॉलरचा खर्च जमातीकडूनच वसूल केला गेला. आणि बहुतेक मृत्यूंचा छडा तरीही लागला नाही.

धागाकर्ता:
पालकांची लूट मला मान्य आहे. परंतु लुबाडणे आणि जीव घेणे यांत फरक करावाच लागेल. स्थानिक यंत्रणेवर विसंबणे शक्य नव्हते, म्हणूनच हेन्री रोन या ओसेज माणसाचा खून विक्रीवर निर्बंध असलेल्या आदिवासी जमिनीवर झाला, या मुद्द्यावर हेलवरचा खटला केंद्रीय न्यायालयात चालला, आणि 1926 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार मान्य केला. हेलला 1929 मध्ये अखेर जन्मठेप झाली.

दुसरा प्रतिसाद:
आणि 1947 मध्ये तो पॅरोलवर सुटला, हेही लिहा. मला निर्णायक वाटतो तो 1925 चा कायदा. अर्धे किंवा त्याहून अधिक ओसेज रक्त असलेल्या व्यक्तीचा हिस्सा बिगर-ओसेज वारसाला मिळणार नाही, अशी तरतूद अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) त्यात केली. दोष एका माणसाच्या हावेचा असता, तर वारसाहक्काचे नियम बदलण्याचे कारणच काय होते?

धागाकर्ता:
कुलूप बदलले म्हणून चोर निर्दोष ठरत नाही.

पहिला प्रतिसाद:
निर्दोष कोणीच म्हटलेले नाही. प्रश्न किल्ली कोणी दिली हा आहे, आणि ती वॉशिंग्टनने, म्हणजे केंद्र सरकारने, दिली होती.