मदत हवी आहे: वळणावर क्रॉस-सेक्शनच्या लाइन एकमेकींना कापतायत

मुलुंडला टेकडीलगतच्या रस्त्याचं रुंदीकरण आहे. सिव्हिल थ्रीडी या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये सरफेस (जमिनीचं थ्रीडी मॉडेल) तयार आहे, कर्बच्या ब्रेकलाइनही (उतार एकदम बदलतो त्या कडेच्या रेषा) टाकल्यात. अलाइनमेंटवर (रस्त्याच्या मध्यरेषेवर) दर 10 मीटरला सॅम्पल लाइन, म्हणजे जिथे रस्त्याचा आडवा छेद (सेक्शन) घ्यायचा ती काटकोनातली रेषा, दोन्हीकडे 20 मीटर. सरळ भागात सेक्शन छान येतात. पण एका वळणाची त्रिज्या जेमतेम 15 मीटर. तिथे आतल्या बाजूच्या लाइन केंद्राजवळ एकमेकींना छेदतात आणि तीच माती दोनदा मोजली जाते. आतली रुंदी 12 मीटर करून पाहिली, तर नाल्याची भिंत सेक्शनबाहेर जाते, आणि ती दिसायलाच हवी. 10 मीटरचं अंतर क्लायंटने ठरवलेलं, पावसात पुन्हा सर्व्हे शक्य नाही. अशा वेळी तुम्ही लाइन तिरक्या करता, की त्या तशाच ठेवून मातीच्या घनफळाला कर्व्ह करेक्शन (वळणामुळे येणारी चूक काढणारी दुरुस्ती) लावता?