अमर्यादित डेटा, पण टीव्ही नको: आयफोन, स्लिंगप्लेअर आणि एटी अँड टी

ठाणेकर_एडिसनला | १५ मे २००९

स्लिंगप्लेअर एकदाचं आयफोनवर आलं. २९.९९ डॉलर, म्हणजे ॲप स्टोअरच्या मानाने सणसणीतच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्लिंगबॉक्स नावाचा डबा घरच्या केबलच्या किंवा डिशच्या बॉक्सला जोडायचा, इंटरनेटची वायर लावायची, की तोच टीव्ही जगात कुठेही कॉम्प्युटरवर नाहीतर फोनवर दिसतो. २००५ पासून बाजारात आहे. इथल्या बऱ्याच मंडळींनी एक डबा गावी आईवडिलांकडेही बसवून दिलाय, कशासाठी ते सांगायला नको.

आता गंमत बघा. आयफोनवरचं हे ॲप फक्त वायफायवर चालतं, मोबाइल नेटवर्कच्या थ्रीजीवर नाही. स्लिंगवाल्यांना जमलं नाही म्हणून नव्हे, एटी अँड टीला, म्हणजे इथे अमेरिकेत आयफोनला नेटवर्क देणाऱ्या मोबाइल कंपनीला, नको म्हणून. कंपनीचं म्हणणं असं की यात नेटवर्कची फार क्षमता खर्ची पडते, गर्दी होऊन बाकीच्या ग्राहकांना त्रास होईल. शिवाय टीव्हीचा सिग्नल पर्सनल कॉम्प्युटरकडे वळवायला आमच्या करारात मनाई आहे, आणि आयफोनला आम्ही पर्सनल कॉम्प्युटरच समजतो! फोन विकताना फोन, टीव्ही लावला की कॉम्प्युटर.

वर ही मखलाशी की आमची २०,००० वायफाय केंद्रं आहेत, तिथे खुशाल बघा. म्हणजे मॅच बघायची तर कॉफीच्या दुकानात जाऊन बसा. महिना ३० डॉलर आपण 'अनलिमिटेड' डेटाचे भरतो. त्यात काय बघायचं ते कंपनी का ठरवणार?

वायरमन | १५ मे २००९

संताप समजू शकतो, पण जरा हिशोब करू. मी याच धंद्यात आहे (या कंपनीत नाही, आधीच सांगतो).

टॉवरपासून मागे एक्स्चेंजपर्यंत जी लाइन जाते ती अजून बऱ्याच ठिकाणी टी-वनची आहे. एक टी-वन म्हणजे दीड एमबीपीएस (सेकंदाला दीड मेगाबिट, म्हणजे १५०० केबीपीएस). समजा एखाद्या टॉवरला अशा चार लाइनी आहेत, तर झाले सहा. एका स्लिंगवाल्याला ३०० केबीपीएस धरले तर २० प्रेक्षकांत टॉवर संपला. एकविसावा माणूस ईमेल बघू म्हणेल तर त्याने काय करायचं?

तुम्ही म्हणाल, यूट्यूब चालतंच की. चालतं, पण थ्रीजीवर ते हलक्या दर्जाचं येतं आणि १० मिनिटांच्या आत संपतं. टीव्ही चालू ठेवून माणूस झोपून जातो. तासाला १३५ एमबी, कुणी बघत असो वा नसो. आणि सगळ्यांनी एकच मॅच लावली तरी प्रत्येकाला वेगळा प्रवाह जातो, कारण प्रत्येकाचा डबा आपापल्या घरी. त्यापेक्षा वाईट रचना ठरवूनही जमणार नाही.

तिरकस | १५ मे २००९

खानावळीच्या दारावर 'पोटभर थाळी' लिहायचं आणि तिसरी पोळी मागितली की मालकाने गल्ल्यावरून डोळे वटारायचे. पाटी बदला की मग!

ठाणेकर_एडिसनला | १६ मे २००९

तिरकस, +१.

वायरमन, तुमचं गणित बरोबर धरलं तरी एक उत्तर द्या. हेच स्लिंगप्लेअर विंडोज मोबाइलच्या फोनवर कधीपासून थ्रीजीवर चालतंय, याच एटी अँड टीच्या नेटवर्कवर. तेव्हा टॉवर नाही का संपले? की टी-वनला फोनचा ब्रँड कळतो?

आणि मूळ दुखणं वेगळंच आहे. एटी अँड टी स्वतः यू-व्हर्स नावाने घरोघरी टीव्ही विकते. फोनवरही महिना १५ डॉलरला मोबाइल टीव्ही विकते. दुसऱ्या कंपनीचा डबा फुकटात तेच काम करतो म्हटल्यावर पोटात दुखणारच.

वायरमन | १६ मे २००९

मोबाइल टीव्हीचं उदाहरण उलट माझ्या बाजूचं आहे. तो क्वालकॉमच्या मीडियाफ्लोवर चालतो. ५५ नंबरच्या टीव्ही चॅनेलच्या जागेत स्वतंत्र लहरी, एका ट्रान्समीटरवरून शहरभर एकच प्रक्षेपण. दहाजणांनी बघितलं काय, दहा लाखांनी बघितलं काय, खर्च तोच. थ्रीजीला त्याचा धक्काही लागत नाही. १२ जूनला इथला ॲनालॉग टीव्ही बंद झाला की आणखी शहरांत तो चॅनेल मोकळा होईल. फोनवर टीव्ही दाखवायची शहाणी पद्धत ती आहे. फक्त त्याला वेगळी चिप लागते, ती आयफोनमध्ये नाही.

विंडोज मोबाइलचं म्हणाल, तर ते बघणारे मूठभर. आयफोनवाल्यांचा नुसता आकडाच अंगावर येतो.

मुग्धा_सिॲटल | १६ मे २००९

दोघंही एटी अँड टीवरच का अडकून बसलाय? कुलूप कुणाच्या हातात आहे ते बघा ना.

विंडोज मोबाइलवर तुम्ही स्लिंगच्या साइटवरून ॲप उतरवता आणि टाकता. मोबाइल कंपनीला ते नको असेल तर तिने नेटवर्कवर शोधून अडवायचं, ते कटकटीचं आणि वाईटही दिसतं. आयफोनवर एकच दार, ॲप स्टोअर. तिथे ॲपलला फक्त 'थ्रीजी काढा, मग मंजूर' एवढं म्हणायचं. अडवणूक ॲप लिहिणाऱ्याच्या हातूनच करून घेतली जाते, नेटवर्कवर कुठे खूणही उरत नाही. मार्चच्या शेवटी स्काइप आलं तेही असंच, फक्त वायफायवर. मी ॲप लिहूनच पोट भरते, त्यामुळे मला टॉवरपेक्षा हे जास्त टोचतं. नियम कुठे लिहिलेला नाही. सहा महिने खपून बनवा आणि दारात उभं राहिल्यावर समजणार.

वायरमन | १६ मे २००९

ताई, हा मुद्दा मान्य. नियम असावा आणि लिहिलेला असावा. पण नियमच नको, असं नाही.

निनाद_पुणे | १७ मे २००९

भाग्यवान आहात, भांडायला थ्रीजी तरी आहे. इथे आयफोन गेल्या ऑगस्टपासून मिळतोय, पण एअरटेल-व्होडाफोनकडे थ्रीजीच नाही. सरकारी कंपन्यांनी नुकतं कुठे सुरू केलंय, बाकीच्यांसाठी थ्रीजीच्या लहरींच्या लिलावाचं भिजत घोंगडं चालू आहे.

आमच्या घरी ताईने असाच डबा बसवलाय. ती ह्यूस्टनला. आमचा अपलोड इतका बारीक की आयपीएल लावलं की तिला चेंडू दिसतच नाही, लोकांच्या ओरडण्यावरून चौकार समजायचा. आणि सेट टॉप बॉक्स एकच, त्यामुळे तिने तिकडून चॅनेल बदललं की इकडे आईची मालिका गायब. मग आई तिला फोन करून ओरडते. तुमच्या टॉवरची काळजी सोडा वायरमन, इथला टॉवर आईच आहे. (गंमत करतोय, दिवे घ्या.)

ठाणेकर_एडिसनला | २० जून २००९

धागा वर काढतोय, कारण आता मजाच झाली. नवीन आयफोन ओएस ३.० आल्याबरोबर मेजर लीग बेसबॉलच्या ॲपमध्ये चालू सामने दिसायला लागले. थ्रीजीवर! एक बेसबॉलचा सामना तीन तासांचा. वायरमन, तुमच्याच १३५ ने गुणा.

तेच नेटवर्क, तोच फोन, तोच थेट टीव्ही. बेसबॉलवाल्यांना दार उघडं आणि माझ्या घरच्या डब्याला बंद.

वायरमन | २० जून २००९

दिवसाला मोजके दोन सामने आहेत, सगळी चॅनेलं नाहीत. प्रवाह एका ठिकाणाहून निघतो, वेग कमी झाला की दर्जा आपोआप उतरतो. ठरावीक आणि आधी माहीत असलेला बोजा वेगळा, आणि कुणी कधीही काहीही लावेल तो वेगळा.

ठाणेकर_एडिसनला | २० जून २००९

दर्जा वर-खाली स्लिंगही करतं. आणि 'दोनच सामने' म्हणजे अंतिम सामन्याच्या रात्री अख्खा देश त्या दोनातल्या एकावरच बसणार ना? तुमचं स्पष्टीकरण तांत्रिक कमी आणि वकिली जास्त झालंय, राग नसावा.

मुग्धा_सिॲटल | २४ ऑगस्ट २००९

गूगलचं गूगल व्हॉइस हे कॉलचं ॲप ॲपलने ॲप स्टोअरमध्ये येऊ दिलं नाही, त्या प्रकरणात एफसीसीने (इथल्या सरकारी दूरसंचार नियामकाने) ३१ जुलैला ॲपल, एटी अँड टी आणि गूगल तिघांना पत्र पाठवून खुलासा मागितला होता. ॲपलचं २१ तारखेचं उत्तर सवड काढून वाचा, आपल्या वादाचं अर्धं उत्तर त्यात आहे. एटी अँड टीच्या परवानगीशिवाय त्यांच्या नेटवर्कवरून इंटरनेट कॉल चालतील अशी सोय ॲपलच्या फोनमध्ये द्यायची नाही, असं दोघांच्या करारातच आहे. टीव्हीचा सिग्नल आयफोनकडे वळवायला ग्राहकांवर जी बंदी आहे, तिचाही उल्लेख आहे. आणि अधूनमधून एटी अँड टी गर्दीची काळजी बोलून दाखवते, ती आम्ही लक्षात घेतो, असं कबूल केलंय.

म्हणजे दारावर ॲपलचा माणूस उभा, पण यादी एटी अँड टीची. गिऱ्हाइकाला आणि ॲप लिहिणाऱ्याला हे कळायला केंद्र सरकारचं पत्र जावं लागलं.

ठाणेकर_एडिसनला | ५ फेब्रुवारी २०१०

मंडळी, पेढे! काल एटी अँड टीने स्लिंगप्लेअरला थ्रीजीवर परवानगी दिली. इंटरनेट कॉलना ऑक्टोबरात दिली होतीच.

आता कारण ऐका. स्लिंगने ॲप सुधारून नेटवर्कला सोसेल असं केलं, म्हणून. आणि स्लिंगवाले म्हणतात, आम्ही काहीच बदललं नाही, आमच्याकडे कुणी काही मागितलंही नाही. वायरमन, टी-वन एका रात्रीत जाड झाल्या का हो?

वायरमन | ५ फेब्रुवारी २०१०

एका रात्रीत नाही, वर्षभरात झाल्या. मागच्या मे महिन्यातच थ्रीजीचा वेग ७.२ एमबीपीएसपर्यंत नेण्याचं काम जाहीर झालं होतं. आणि गर्दी खोटी नव्हती. डिसेंबरात एटी अँड टीच्या मोबाइल विभागाचे प्रमुख राल्फ डी ला वेगांनी सांगितलं की स्मार्टफोनवाल्यांपैकी ३ टक्के लोक ४० टक्के डेटा वापरतात. न्यूयॉर्क-सॅन फ्रान्सिस्कोत नेटवर्क कमी पडतंय हेही मान्य केलं.

एफसीसीच्या अध्यक्षांनी सप्टेंबरात मोबाइल कंपन्यांनाही सगळ्या ॲप्स-साइटना समान वागणूक देण्याचे नियम लावू म्हटल्यावर कंपनी जरा मवाळ झाली असणार, हे मी नाकारत नाही. पण ॲपवार बंदी गेली तर एकच हत्यार उरतं: मीटर. ते आलं की माझी आठवण काढा.

तिरकस | ३ जून २०१०

वायरमनची आठवण काढतोय. ७ तारखेपासून नवीन ग्राहकांना अनलिमिटेड बंद. १५ डॉलरला २०० एमबी, २५ ला २ जीबी, पुढे जीबीला १० डॉलर. पाटी बदलली एकदाची.

वायरमन | ३ जून २०१०

आणि हे मला योग्य वाटतं. जेवढं वापरा तेवढं भरा, काय बघता ते कंपनीने बघायचं नाही. ठाणेकर, तुमची मागणी हीच होती ना?

ठाणेकर_एडिसनला | ३ जून २०१०

माझी मागणी 'विकलंय ते द्या' ही होती. तुमच्याच १३५ ने भागलं तर २ जीबीत महिन्याला साधारण १५ तास टीव्ही, २०० एमबीत दीड. बंदी उठवायची आणि दर असा लावायचा की कुणी बघूच नये. यू-व्हर्सचा घरचा टीव्ही मात्र मीटरवर नाही. माझ्या मते कुलूप तेच आहे, फक्त आता त्यावर किंमत लिहिली आहे.

मुग्धा_सिॲटल | ३ जून २०१०

पण लिहिली आहे! हाच फरक आहे. मी आता ॲप बनवायच्या आधी हिशोब करू शकते. मला वायरमनचं पटतंय, दर जास्त आहेत हे धरूनही.

ठाणेकर_एडिसनला | २२ डिसेंबर २०१०

एफसीसीचा नियम काल मंजूर झाला. मोबाइल कंपन्यांना वेबसाइट अडवता येणार नाही, आणि त्यांच्या फोन सेवेशी किंवा व्हिडिओ कॉलशी स्पर्धा करणारी ॲप्स अडवता येणार नाहीत. टीव्ही दाखवणारं ॲप यात कुठे बसतं ते मला दाखवा. कॉल वाचला, टीव्ही बाहेरच. दीड वर्ष ज्यावर भांडलो नेमकं तेच सुटलं.

आणि सोमवारची बातमी वाचलीत? एटी अँड टी क्वालकॉमकडून मीडियाफ्लोच्या लहरी घेतेय, सुमारे १.९३ अब्ज डॉलरला. मीडियाफ्लो टीव्ही गुंडाळणार. वायरमन, तुमची ती 'शहाणी पद्धत'.

वायरमन | २२ डिसेंबर २०१०

पद्धत अजूनही शहाणीच आहे. पण त्यासाठी वेगळा फोन घ्यायला कुणी तयार झालं नाही, त्याला मी काय करू.

तिरकस | २२ डिसेंबर २०१०

थोडक्यात, टीव्हीच्या लहरी विकत घ्यायच्या, त्यावर डेटा विकायचा, आणि त्या डेटावर आम्ही टीव्ही बघायचा. जीबीला १० डॉलर.

वायरमन | २३ डिसेंबर २०१०

त्या लहरी टॉवरकडून फोनकडे येणाऱ्या डेटासाठीच वापरणार आहेत म्हणे. पण त्यावर चालणारे फोन यायला वेळ आहे. तोवर वायफाय.