बरोबरीत सुटलेला अंतिम सामना आणि चेंडूची एक उसळी

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या लीगमध्ये (एएफएल) अंतिम सामना बरोबरीत सुटल्यास आठवड्याने तो पुन्हा खेळवणे हा निव्वळ तिकीटविक्रीचा खटाटोप होता, असे एक मत आहे; ते मला पूर्णपणे पटत नाही. २५ सप्टेंबर २०१० रोजी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर कॉलिंगवुड आणि सेंट किल्डा हे संघ ६८-६८ असे अडकले, तेव्हा कॉलिंगवुडचे गोल ९ आणि बिहाइंड १४, तर सेंट किल्डाचे गोल १० आणि बिहाइंड ८ होते. गोलला सहा गुण आणि बाजूच्या खांबांमधून गेलेल्या चेंडूला, म्हणजे बिहाइंडला, एकच, या हिशेबात एक गोल कमी असूनही कॉलिंगवुड तगले ते हुकलेल्या नेमांच्या जोरावर, हे गमतीचेच म्हणायचे. शेवटच्या मिनिटांत सेंट किल्डाच्या लेनी हेजने मारलेला चेंडू त्याचा सहकारी स्टीफन मिल्नसमोर पडला, पण लंबगोल असल्याने भलतीकडेच उसळून बिहाइंडमध्ये गेला आणि गुण समसमान झाले.

२ ऑक्टोबरच्या फेरसामन्यात मात्र सेंट किल्डाचा १०८-५२ असा धुव्वा उडाला. पहिल्याच सत्रात सेंट किल्डाचा निक रिवोल्ट गोलच्या तोंडाशी चेंडू मारणार, तोच कॉलिंगवुडच्या हीथ शॉने मागून झेप घेऊन तो हातांनी अडवला. मला तरी सामना तिथेच फिरल्यासारखा वाटतो. २०१६ पासून फेरसामन्याऐवजी जादा वेळेचा नियम आला. थकलेल्या खेळाडूंना त्याच संध्याकाळी आणखी पळवणे अधिक न्याय्य कसे, हे कोणी समजावून सांगितल्यास आभारी राहीन.