‘ब्युटिफुल’ पाहिल्यावर पडलेला प्रश्न: शब्द कोणाचे, मनोगत कोणाचे?

काळी पाच:
अमेरिकन संगीतकार कॅरोल किंग यांच्या आयुष्यावरचे ‘ब्युटिफुल’ हे संगीतनाट्य २०१४ ते २०१९ या काळात ब्रॉडवेवर चालले. मी ते तेव्हा पाहिले होते आणि गेल्या महिन्यात एका हौशी संस्थेच्या प्रयोगात पुन्हा पाहिले. दोन्ही वेळा मन भरून आले. पण दुसऱ्या वेळी एक गोष्ट सलत राहिली. पती आणि गीतकार जेरी गॉफिन यांच्याशी फारकत झाल्यावर नाटकातली कॅरोल एका लहानशा क्लबमध्ये ‘इट्स टू लेट’ गाते. आता फार उशीर झाला, हे ती ज्या थकलेल्या शांतपणे म्हणते, त्यामुळे प्रेक्षक ते तिचेच मनोगत समजतो. प्रत्यक्षात त्या गाण्याची चाल तेवढी किंग यांची. शब्द टोनी स्टर्न यांचे आहेत आणि स्टर्न नाटकात कोठेही नाहीत. न्यूयॉर्क सोडून लॉस एंजेलिसला निघताना ती मित्रांसाठी ‘यूव्ह गॉट अ फ्रेंड’ गाते. ते गाणे १९७१ चे, आणि किंग त्याआधी काही वर्षे तिकडे जाऊन राहिल्या होत्या. कालक्रमाची ही ओढाताण मी सोडून देईन. परंतु आकाशवाणीवर गीतकार, संगीतकार, गायक अशी तीन नावे ऐकत वाढलेल्या मला पहिली गोष्ट सोडवत नाही. गाणी घडवणाऱ्या माणसांवरच्या नाटकाने शब्द लिहिणारीचे नाव गाळावे, हे मला अन्यायाचे वाटते.

विंगेतून:
मी सहमत नाही. शब्द एकाचे आणि मन दुसऱ्याचे, ही गोष्ट या जोडप्याच्या पहिल्या मोठ्या यशातच आहे. शिरेल्स या गटाने गायलेले १९६० चे ‘विल यू लव्ह मी टुमारो’ आठवा. उद्याही तुझे प्रेम राहील का, हा तरुणीचा प्रश्न एकवीस वर्षांच्या पुरुषाने लिहिला आणि त्याला चाल दिली ती त्याच्या अठरा वर्षांच्या पत्नीने, जिच्या घरात तेव्हा तान्हे मूल होते. रंगमंचावर आधी कॅरोल पियानोवर बसून ते एकटीच म्हणते, मग तेच गाणे घेऊन शिरेल्स पुढे येतात, व्हायोलिने भरून येतात, आणि गाणे तिच्या हातून निघून त्यांचे झालेले आपल्याला डोळ्यांदेखत दिसते. आपल्या लावणीतल्या स्त्रीचे मन राम जोशी आणि होनाजी बाळा यांनीच लिहिले, म्हणून ती गाणारीचे मनोगत खोटे ठरते का? किंग यांनी ‘इट्स टू लेट’ ला चाल दिली, स्वतः गायले. त्यात त्यांचे दुःख नव्हते असे कोण म्हणेल?

तिसरी घंटा:
लावणीचा दाखला येथे पुरत नाही, कारण शाहीर शेवटच्या कडव्यात आपले नाव घालतो. संगीत नाटकाशी तुलना केली तर फरक अधिक स्पष्ट होतो. ‘सौभद्र’ मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी प्रचलित चाली घेतल्या, पण शब्द त्या त्या प्रसंगासाठी नव्याने रचले. येथे उलट आहे: शब्द आधीचे आणि प्रसंग त्यांच्याभोवती बेतलेला. अशा नाटकावर शब्दांच्या उगमाची जबाबदारी अधिक येते. आणि नाटककार डग्लस मॅकग्रा यांना ती कळत होती. ‘टॅपेस्ट्री’ या किंग यांच्या गाण्यांच्या अल्बमच्या ध्वनिमुद्रणात ‘नॅचरल वुमन’ ची पाळी येते तेव्हा कॅरोल थबकते, कारण ते तिने जेरीबरोबर केलेले गाणे आहे; हे मी गाऊ कशी, असा तिचा प्रश्न असतो. माझ्या मते तो संपूर्ण नाटकातला सर्वांत प्रामाणिक क्षण आहे.

काळी पाच:
तिसरी घंटा यांनी माझे म्हणणे माझ्यापेक्षा नेमके मांडले. विंगेतून यांचेही एवढे मान्य करतो की गाताना ते दुःख किंग यांचेच होते. माझी तक्रार त्यांच्या गाण्याबद्दल नव्हतीच. जेरीच्या शब्दांपाशी नाटक ज्या आदराने थांबते, तसे स्टर्न यांच्या शब्दांपाशी थांबले असते तर? क्लबच्या प्रवेशात गाण्याआधी ‘हे शब्द माझ्या मैत्रिणीचे आहेत’ एवढे एक वाक्य पुरले असते, आणि मला वाटते, एखाद्या मैत्रिणीने आपले दुःख आपल्याआधी ओळखले होते, हे कळून ते गाणे आणखी खोल गेले असते.

विंगेतून:
ते वाक्य मला पटले. मात्र ते गाण्यानंतर यावे. आधी सांगितले तर प्रेक्षक तिच्या आवाजाऐवजी नावाकडे पाहील.